शेवटी एसपीच!

आजची सगळी सुट्टी एकाच प्रश्नात गेली: गेमबॉयची (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) जुनी कार्ट्रिजं, म्हणजे त्यात घालायच्या गेमच्या डब्या, खेळायला यंत्र घ्यायचं तरी कोणतं?

१९८९ चा मूळ गेमबॉय दिसतो छान, पण पडद्याला उजेडच नाही. निन्टेन्डोच्याच नंतरच्या डीएस लाइटमध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिजं चालतात, त्याआधीची नाहीत, बाद. अ‍ॅनालॉग पॉकेटने (दुसऱ्या कंपनीचं, जुनी कार्ट्रिजं चालवणारं नवं यंत्र) मात्र मोहात पाडलं. पडदा १६०० बाय १४४० ठिपक्यांचा, म्हणजे मूळच्या १६० बाय १४४ च्या उभा-आडवा दोन्हीकडे बरोबर दहापट. एकेक ठिपका कसा रेखीव! पण खरं सांगू, मला इतकं चकचकीत नकोच आहे.

म्हणून गाडी अडली गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपीवर. मिटून खिशात जातो, चार्ज होतो, गेमबॉय, कलर आणि अ‍ॅडव्हान्स अशा तिन्ही पिढ्यांची कार्ट्रिजं घेतो. फक्त मॉडेल नीट बघायचं. उजेडाचं बटण दाबल्यावर दिवा पार विझला, तर तो एजीएस-००१, समोरून उजेड टाकणारा. न विझता नुसता कमी-जास्त झाला, तर मागून उजळणारा एजीएस-१०१. मला तोच हवाय. (कवच बदललेलं असू शकतं, त्यामुळे मागच्या लेबलवर विसंबू नका.)

हेडफोनला साधी जागा नाही, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, हा एक वैतागच.

कुणी १०१ वापरत असेल, तर खांद्यावरची, म्हणजे कडेची एल-आर बटणं कितपत टिकली ते सांगा ना.