नाकातून रक्त येणारं कुत्रं: सीटीच्या आधी आणि नंतर

कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की ‘नागपूरला नेऊन सीटी (क्ष-किरणांनी कापाकापाने चित्रं घेणारा स्कॅन) करा’ असं सांगणं सोपं असतं. गडचिरोली-यवतमाळच्या खेड्यातून गाडी, भूल, स्कॅन हा सगळा भार मात्र शेतकऱ्यावर पडतो. म्हणून आधी रक्त तपासा. आपल्याकडे गोचीड भरपूर. एर्लिकियाने (गोचिडातून येणारा जंतू) प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी पडल्या की नाकातून रक्त वाहतं. हिरड्या आणि पोटाच्या कातडीवर लाल ठिपके शोधा. अशा कुत्र्याला सीटीची नाही, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गरज असते.

नाकावर फुगीर भाग असेल तर सुईने पेशी काढून स्लाइड बघा. गोल पेशी आणि त्यांत पोकळ बुडबुडे दिसले तर टीव्हीटी (कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ); तिच्यावर व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाचा उपचार तालुक्यातच होतो.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर सीटी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी बघा, कारण कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) मूत्रपिंडातून बाहेर पडतो. सहा ते आठ तास खाणं बंद. उन्हाळ्यात पाणी मात्र निघेपर्यंत द्या. पट्टा काढा, बकलामुळे चित्रावर रेघा येतात. नाकातली बायोप्सी (तपासणीसाठी चिमट्याने तुकडा काढणं) स्कॅननंतरच. आधी चिमटा घातला तर साकळलेलं रक्त गाठीसारखं दिसतं.

कुत्रं पोटावर, टाळू टेबलाला समांतर, डोकं जराही कलंडलेलं नको. नाक वाचायचं ते डावं-उजवं ताडूनच. स्लाइस (चित्राचा एकेक काप) 1 मिमी किंवा कमी, नाकाच्या शेंड्यापासून घशामागच्या लिम्फ गाठींपर्यंत. आधी साधा स्कॅन, मग आयोहेक्सॉल 300 हा कॉन्ट्रास्ट, किलोला 2 मिली: 15 किलोच्या कुत्र्याला 30 मिली. माणसांच्या सेंटरवर स्कॅन होत असेल तर बोन (हाडासाठी) आणि सॉफ्ट टिश्यू (मऊ भागासाठी) अशी दोन्ही रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे कच्च्या डेटातून बनवलेली चित्रं, त्याच दिवशी मागा, कारण कच्चा डेटा मशीनमधून लवकरच पुसला जातो. नुसत्या फिल्मवर विंडो (करड्या छटांची मांडणी) बदलता येत नाही, डायकॉम (संगणकावर उघडणारी मूळ चित्रं) सीडी घ्या.

बोन विंडोत (रुंदी 2000, मध्य 500) टर्बिनेटच्या (नाकातली गुंडाळलेली पातळ हाडं) नाजूक घड्या बघा. घड्या शाबूत आणि मध्ये नुसता स्राव असेल तर बहुधा साधी सूज. घड्या झिजून पोकळी झाली, फ्रंटल सायनसचं (कपाळाच्या हाडातली पोकळी) अस्तर जाड झालं, तर बुरशीचा संशय. जागा भरलेली आणि हाड खाल्लेलं, तर गाठ. सायनस भरलेला दिसला म्हणून गाठ तिथवर पोचली असं धरू नका: अडकलेला शेंबूड कॉन्ट्रास्ट घेत नाही, गाठ घेते.

शेवटी मेंदूलगतचं चाळणीसारखं हाड नीट तपासा. ते फुटलेलं असेल तर बायोप्सीत धोका वाढतो. शाबूत असलं तरी नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर चिमट्यावर टेपने खूण करा आणि त्यापुढे चिमटा जाऊ देऊ नका.