घरात माणसं असताना परक्यांना काय सांगता?

"घरात एवढी माणसं असताना मोबाईलमधल्या अनोळखी बायकांना काय सांगत बसतेस?" हे मला नणंदेने विचारलंय, चुलतसासूने विचारलंय, दर मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या भावजयीने विचारलंय. मागे एका लग्नात, हातात अक्षता असताना, नुकतीच ओळख झालेल्या एका बाईंनीही विचारलं. दर वेळी मी हसून "वेळ जातो" म्हणते. वेळ घालवायला मला आंब्याची बाग आहे, दोन गाई आहेत आणि दहावीतला मुलगा आहे. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच नीट लिहिते. मला ल्युपस आहे, म्हणजे अंगाची प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो आजार, आणि त्या अनोळखी बायका म्हणजे हाच आजार असलेल्यांचा आमचा ग्रुप. ल्युपस म्हणजे काय, तो लागट आहे का (नाही), कायमचा बरा होतो का (नाही), हे सगळं तुम्ही माझ्याकडून ऐकलेलं आहे. ते परत नको.

देवगड तालुक्यात मार्च ते मे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पहाटेपासून माणसं कलमांत. आंबा झेल्याने उतरवायचा, मांगरात आणायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या. आणि मला जो आजार आहे तो उन्हाने चाळवतो. आमच्या कातळावरचं ऊन वरूनही भाजतं आणि खालूनही. थोडा वेळ उघड्यावर काढला की एक-दोन दिवसांत बोटांचे सांधे सुजतात, ताप भरतो, गालांवर लाली उमटते. बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की ऐन हंगामात सून सावलीत बसली आहे, तीही तोंडाला क्रीम फासून. "आता ह्या वयात गोरी होवन काय करतलंस गो?" हे शेजारच्या काकींचं वाक्य आमच्याकडे दर हंगामात एकदा होतंच.

सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं, ढगाळ असलं तरी लावायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घामाने हाताच्या पंज्यांवरचं सगळं उतरतं, तेव्हा काय करायचं? ते मला वेंगुर्ल्याच्या एका बाईने सांगितलं, ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते. नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घ्यायचा, बाहीच्या टोकाला शिवण उसवून अंगठ्यापुरतं भोक करायचं. अंगठा त्यातून बाहेर काढला की बाही पंज्यावर बसते, वर सरकत नाही. कोल्हापूरचे माझे डॉक्टर चांगले आहेत. पण घाट चढून गेल्यावर मिळतात पंधरा मिनिटं. त्यात मूत्रपिंडं ठीक आहेत ना म्हणून लघवीतलं प्रोटीन बघायचं, रक्ताचे रिपोर्ट बघायचे, गोळ्यांचे डोस ठरवायचे. अंगठ्याच्या भोकाचा विषय त्यात बसत नाही.

"बायकाच का?" असंही वर विचारतात. या आजाराच्या दहा रुग्णांतल्या नऊ बायका असतात म्हणून.

आम्ही ग्रुपवर चमच्यांत बोलतो. २००३ मध्ये क्रिस्तीन मिझरँडिनो या ल्युपस असलेल्या अमेरिकन बाईने लिहिलं होतं की मैत्रिणीला आजार समजावताना तिने जेवायच्या जागी टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले. दिवसाला इतकेच मिळणार. उठून कपडे घालायला एक, स्वयंपाकाला एक, संपले की संपले. जगभरच्या आजारी माणसांनी ते उचललं, आम्हीही उचललं. "आज दोनच चमचे" एवढं लिहिलं की आमच्यात पुढे कोणी काही विचारत नाही. घरी "बरं वाटत नाही" म्हटलं की लगेच "काय होतंय?" येतं, आणि काय होतंय ते सांगण्यातच एक चमचा जातो.

२०२० चा मार्च आठवतो ना? कोविडच्या रुग्णांजवळ काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावं, असं आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २२ मार्चला सुचवलं. आमची रोजची गोळी ती. नंतर सरकारने निर्यात थांबवली, औषध शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशा यादीत टाकलं, पण तोवर इथल्या मेडिकलवाल्यांनी माना हलवायला सुरुवात केली होती. कोणाकडे किती स्ट्रिपा शिल्लक आहेत याची यादी ग्रुपवर झाली. आंबा घेऊन वाशीला गेलेला आमचा टेम्पो रिकामा परत येताना पनवेलजवळ थांबला, आणि डोंबिवलीच्या एका ताईंच्या भावाने तिथे पाकीट आणून दिलं. (दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत हे मलाही कळतं. औषध तेच, ताकद तीच, चिठ्ठी माझ्या नावाची होती.) त्या ताईंना मी आजवर पाहिलेलं नाही. तेव्हा "अनोळखी" हा शब्द जरा जपून वापरा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं छानच आहे. नाही. मी आधी ज्या ग्रुपमध्ये होते तो हजारो माणसांचा होता आणि तिथे दिवसभर "इम्युनिटी वाढवा" चालायचं. आमची इम्युनिटीच आमच्या अंगावर उलटलेली आहे, ती आणखी वाढवून काय करू? गुळवेल तर इथे प्रत्येक गडग्यावर चढलेली आहे, फुकट. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद त्यांचा. पण त्या ग्रुपवर कोणीतरी रोज काढ्याचं प्रमाण टाकायचं, आणि खाली पंचवीस जणी हात जोडायच्या. शिवाय खासगीत मेसेज यायचे, "ल्युपस मुळापासून बरा, तीन महिन्यांचा कोर्स". अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्याच्या यादीत ल्युपसचं नावही आहे, पण मेसेज पाठवणाऱ्याला कोण विचारतो.

मी बाहेर पडले. आत्ताचा ग्रुप मला दवाखान्याच्या बाकावर मिळाला, शेजारी तसलीच जाड फाईल घेऊन बसलेल्या बाईकडून. तुम्हाला असा ग्रुप हवा असेल तर मीही तोच बाक सांगेन. आमची अ‍ॅडमिन खमकी आहे. डोस बदलायचा सल्ला कोणी दिला की तो मेसेज उडतो, दुसऱ्यांदा दिला की माणूस उडतो. स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, हे तिने इतक्या वेळा लिहिलंय की माझ्या मुलालाही पाठ आहे.

इथपर्यंत मी तुमच्याशी भांडू शकते. पुढचं तसं नाही.

ग्रुपमध्ये गुहागरकडची एक होती. तिच्या डीपीवर बकुळीचा वळेसर होता म्हणून आम्ही तिला बकुळ म्हणायचो. ती टाईप करायची नाही, बोटं दुखायची. घरामागे न्हाणीजवळ उभी राहून माझ्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवायची. तिथे रेंजही होती आणि कोणी नसायचंही. मागे हंड्यात पाणी पडत असायचं. बोलता बोलता मोटरसायकलचा आवाज यायचा आणि ती म्हणायची, "आले वाटतं, ठेवते." पाठवून झालं की स्वतःच्या फोनमधून ती नोट पुसून टाकायची. माझ्याकडची राहायची.

एका पावसाळ्यात तिचं प्रोटीन वाढलं, औषध वाढलं, मग छातीत इन्फेक्शन झालं. "अ‍ॅडमिट होतेय" एवढी नोट आली, पुढे काही नाही. ग्रुपवर सगळ्या विचारत राहिल्या. तिचं गाव नक्की कोणतं, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने तिच्या नंबरवरून फोन आला. मी घाईघाईने उचलला तर पुरुषाचा आवाज. त्यांनी एक नाव घेतलं आणि म्हणाले, मी तिचे मिस्टर. मी म्हटलं, राँग नंबर. मला ते नाव माहीतच नव्हतं. मग ते म्हणाले, "बकुळीचा फोटो लावलेली."

ती गेली होती. त्यांनी ग्रुपवरचं सगळं वाचून काढलं होतं, आणि त्यांना एक विचारायचं होतं. "ती चमचे चमचे काय म्हणते? म्हणजे, म्हणायची?" मी सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "मी रात्री उशिरा आलो की उठून चहा करून द्यायची. तेव्हा चमचे नसायचेच ना तिच्याकडे?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग ते खऱ्या कामाचं बोलले. "तिचा आवाज कुठे नाही हो माझ्याकडे. लग्नाच्या सीडीत वर गाणी भरलीत. तुमच्याकडे तिचं बोलणं असेल ना? मुलगी लहान आहे, तिला ऐकवायला."

त्या रात्री पडवीत इयरफोन लावून मी एकेक नोट ऐकली. तिने त्यात काय सांगितलं होतं ते मी इथेही लिहिणार नाही. भयंकर काही नव्हतं. पण ते घरात कोणाला कळू नये म्हणून ती हंड्याच्या आवाजात उभी राहून बोलत होती, एवढं खरं. एक नोट सांदणांची होती. बरक्या फणसाचा रस किती, कणी किती, गूळ किती, आणि मध्येच गाय हंबरली म्हणून तिचं हसणं. ती मी पाठवली.

निळ्या खुणा लगेच झाल्या. उत्तर खूप वेळाने आलं. "माझ्यासाठी करायची." आणि लगेच खाली, "अजून आहेत?"

मी लिहिलं, आहेत, पण ते तिने फक्त मला सांगितलेलं आहे.

त्यांनी लिहिलं, "ती माझी बायको होती."

तो संवाद तिथेच थांबलेला आहे.

पूर्वीच्या मला विचारलंत तर ती ठामपणे सांगेल की ग्रुपमधलं ग्रुपमध्ये, त्यात चर्चा काय करायची. ग्रुपच्या नियमांत ते वाक्य मीच घालायला लावलं होतं. पण तो नियम जिवंत बायकांसाठी केलेला होता. आणि मी पाठवलं नाही म्हणून त्या माणसाला आता बरं वाटतंय की वाईट? न ऐकलेल्या नोटांमध्ये तो जे कल्पित असेल ते खऱ्यापेक्षा वाईटच असणार. मग पाठव की, म्हणते मी स्वतःला. आणि मग मला तिचं "आले वाटतं, ठेवते" ऐकू येतं, आणि हात मागे येतो.

परक्यांनाच का सांगते, याचं खरं उत्तर सांगायचं तर ते असं आहे. घरी दुखतंय म्हटलं की सासूबाई उपास धरतात, नवरा गाडी काढतो, मुलगा गप्प होतो. म्हणजे दुखणं माझं, पण लगेच तीन जणांचं काम होतं, आणि मग त्या तिघांना सांभाळायचं ते मीच. ग्रुपवर दुखतंय म्हटलं की कोणीतरी "मलाही" लिहितं आणि विषय संपतो. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही हो. तुम्हाला फार लागतं म्हणून.

पण हेही पुरतं खरं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेला, सगळ्या ताया एका फटक्यात नाहीशा झाल्या. माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या. पडलेल्या झाडांतून वाट काढत धाकटे दीर कणकवलीला गेले आणि भिजलेल्या खिशातून स्ट्रिपा काढून दिल्या. माझ्या क्रीमवरून तोंड वाकडं करणाऱ्या सासूबाईंनी मला विहिरीवर जाऊ दिलं नाही, सगळं पाणी स्वतः ओढलं. रेंज आल्यावर मी पहिलं काय केलं? ग्रुपवर जाऊन सासूबाईंबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं, पण लिहिलं तिथेच. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बकुळची मुलगी कधी तरी मोठी होईल आणि कदाचित स्वतः फोन करील. तिला त्या नोटा देईन का? आज विचारलंत तर "नाही" म्हणेन, आणि उद्या विचारलंत तर मला वेळ मागावा लागेल.

बकुळचं ते सगळं ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने एवढंच विचारलं, "माझ्याबद्दलपण बोलतेस तिथे?" मी "हो" म्हटलं. माझ्या फोनचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. मी नसताना तो उघडायचा की नाही यावर बोलू, असं ठरवून आम्ही एका रात्री जेवणं झाल्यावर बसलोही होतो. पण तेवढ्यात वाशीहून फोन आला, आणि मग आम्ही पेटीच्या दरावर बोलत बसलो.