मागच्या आसनावरची आई

आजच्या चार तासांच्या विमानप्रवासात माझ्या मागे बसलेला चारेक वर्षांचा मुलगा पहिला तासभर माझ्या आसनावर लाथा मारत होता, आणि मी काही न बोलता मनातल्या मनात त्याच्या आईला दोष देत राहिलो. अखेर मागे वळलो, तेव्हा दिसले की त्या बाईंच्या मांडीवर एक तान्हे बाळही होते आणि त्या एका हाताने मुलाचे पाय आवरू पाहत होत्या. मी मुलालाच नाव विचारले आणि लाथ बसली की माझी पाठ दुखते, असे सरळ सांगितले. तो थांबला, कायमचा नव्हे, पण बराच वेळ.

विमान उतरू लागताच बाळाने टाहो फोडला. उड्डाणादरम्यान केबिनमधील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका असतो आणि उतरताना तो वाढत जातो. लहान मुलांमध्ये कान व घसा यांना जोडणारी नळी अरुंद आणि अधिक आडवी असल्यामुळे कानातील दाब लवकर समान होत नाही आणि कान ठणकतात. गिळताना ही नळी उघडते, म्हणून अशा वेळी बाळाला दूध पाजावे. हवाई सेविकेने तेच सुचवले आणि बाटली तोंडात जाताच बाळ हळूहळू शांत झाले. तोवर तिघे-चौघे प्रवासी कपाळाला आठ्या घालून त्या आईकडे पाहत होते, याचे मला फार वाईट वाटले, कारण काही वेळापूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो.

उतरताना मी त्यांची बॅग वरच्या कप्प्यातून काढून दिली. मुलाला तोवर गाढ झोप लागली होती.