काजव्यांपुढे आंधळा झालेला कॅमेरा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत भंडारदऱ्याला गेलो. सादड्याचं अख्खं झाड लुकलुकत होतं आणि माझा कॅमेरा नुसता कुरकुरत होता. लेन्स पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे; बटण दाबलं तरी क्लिक नाही. त्यात फोकसला मदत करणारा तांबडा दिवा आपोआप पेटला. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते मामा खेकसले, "अहो, तो दिवा घालवा आधी! काजवे बुजतात."

चूक माझीच. ऑटोफोकसला पकडायला काहीतरी ठळक कड लागते. माझ्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची हद्द उणे ३ ईव्ही (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप). म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ २ एवढं लेन्सचं छिद्र ठेवलं, तर फोटोला साधारण ३० सेकंद लागतील एवढा उजेड. अमावास्येचं जंगल त्याच्याही बरंच खाली. उजेड मोजणारा मीटरही हात वर करून मोकळा: ३० सेकंदांचा आकडा नुसता उघडझाप करत होता.

मग मामांनाच दहा सेकंद बॅटरी घेऊन बुंध्याशी उभं केलं. स्क्रीनवर साल दहापट मोठी करून हाताने फोकसची रिंग फिरवली, फोकस मॅन्युअलवर टाकला आणि रिंगवर चक्क चिकटपट्टी मारली. उजेडाचा अंदाज आयएसओ ६४०० वर ४ सेकंदांची चाचणी घेऊन. आयएसओ आठपट कमी केला की वेळ आठपट, म्हणजे तोच हिशोब आयएसओ ८०० ला ३२ सेकंद, म्हणून ३० वर ठेवलं.

चाळीस फ्रेम मिळाल्या. एकीत झाडाखाली नारिंगी रेघ आलीय. मामांची विडी.