मागचं जुहू लँडिंग मागे घेतोय

मागच्या नोंदीत मिरवलं होतं ना, की घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर थ्रॉटल (पॉवरचा नॉब) अचानक फुलवर अडकला आणि मी नुसत्या मिक्श्चरवर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) सेसना १७२एन जुहू विमानतळावर अलगद टेकवलं? ते खोटं निघालं.

परवा पॅनलचं मागचं झाकण उघडलं तर थ्रॉटल पॉटची (नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरची) मधली तार सोल्डर सोडून लोंबकळत होती. नॉब वाचणाऱ्या आर्डुइनो लिओनार्डो बोर्डचे सगळे अ‍ॅनालॉग पिन आतल्या एकाच एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पाळीपाळीने वाचले जातात. एखादा पिन मोकळा सुटला की आधीच्या पिनचा उरलासुरला व्होल्टेज त्याच्या नावावर जमा होतो. माझ्या कोडमध्ये थ्रॉटलच्या आधी वाचलं जातं कोण? मिक्श्चर! ते रिच (भरपूर इंधन), म्हणून पॉवर फुल. मी ते ओढलं की थ्रॉटलही गुपचूप मागे. पायलटगिरी कसली, नॉब बदलून थ्रॉटलच चालवत होतो. तेव्हाच शंका यायला हवी होती. लीन (इंधन कमी) करताना खरं इंजिन आधी दाद देत नाही, मग खडखडतं आणि बंदच पडतं. मधली जागा बोटभर. माझं लोण्यासारखं उतरत होतं.

आता त्या पिनवरून पाच व्होल्टला ४७० किलोओहमचा रेझिस्टर टाकलाय. तार तुटली तर सरळ फुल. काही खऱ्या विमानांत कार्ब्युरेटरच्या आर्मवर स्प्रिंग असते, केबल सुटली तर ती थ्रॉटल उघडा ठेवते, तसंच.

नवा पॉट लॅमिंग्टन रोडवरून आणला. लिनियर (सारख्या प्रमाणात बदलणारा) मागितला, घरी येऊन बघतो तर लॉग (आधी हळू, मग झपाट्याने बदलणारा). अर्धा नॉब ढकलला तरी आरपीएम जागचा हलेना. दुकानातच बी१०के (लिनियर) वाचून घ्या रे, ए१०के (लॉग) नको.

मग थ्रॉटल खरोखरच फुलवर ठेवून प्रामाणिक प्रयत्न. पहिला: सरळ आलो, वेग ११० नॉटच्या वर, वेगमापकावरची पांढरी कमान (फुल फ्लॅपची मर्यादा) संपते ८५ला, फुल फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) लावणार कसे? गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. दुसरा: फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) मिक्श्चरशी खेळत बसलो, इंजिन गेलं, धावपट्टी ०८च्या अलीकडे पाण्यात. १९३२ साली जेआरडी कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले होते. मी समुद्रात.

तिसऱ्यांदा डोकं चालवलं. जास्तीची पॉवर चढण्यात घालवली, वेग आपोआप आटोक्यात. धावपट्टीच्या डोक्यावर ३००० फूट गाठले (शेजारच्या सांताक्रूझ विमानतळाची वाहतूक बंद ठेवलीय, हसू नका), मिक्श्चर पूर्ण बाहेर, ६५ नॉट, आणि गोल फिरत खाली. पंखा वाऱ्यावर फिरत होता, पण हात मिक्श्चरकडे जाऊ दिला नाही. आत ढकललं असतं तर पुन्हा फुल पॉवर. पोचतोय याची खात्री झाल्यावरच फ्लॅप. अर्ध्या धावपट्टीवर टेकलो, पण टेकलो!

पुढे मॅग्नेटोची (इंजिनला ठिणगी देणारी यंत्रणा) किल्ली बंद-चालू करून पॉवर तोडायचा प्रयोग ठरवला होता. पण हे लिहिताना वाटतंय, आधी स्लाइड पॉट काढून मोटरसायकलची क्लच केबल बसवावी आणि टोकाला ओढून काढता येईल अशी पिन. पिन निघाली की केबल सुटली. पिन भावाच्या हातात. कधी ओढायची ते त्याने ठरवायचं.

क्लच केबलचं आउटर (बाहेरची नळी) वाकवल्यावर घट्ट होतं का, कोणी करून पाहिलंय?