वास न येणारी पानं

तालीसपत्राच्या सहा गोण्या मशीद बंदरहून आल्या होत्या. चौथी उघडली आणि हात थांबला. तालीसपत्राला राळेचा वास हवा. जुलैच्या ओल्या हवेत सगळ्याच मालाला गोणपाटाचा कुबट वास लागतो, म्हणून मूठभर पानं तळव्यावर चोळून पाहिली. काही घमघमली, काही गप्प राहिली.

मुंबईच्या उपनगरातल्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या क्यूसी (दर्जा तपासणीच्या) लॅबमध्ये मी अठरा वर्षं कच्चा माल तपासते. दिवसातला बहुतेक वेळ ओलावा, राख आणि रजिस्टरं यांतच जातो. झाड ओळखायची वेळ क्वचित येते, आणि मी शिकले ते मात्र त्यासाठीच.

तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फर वृक्षाची पानं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, त्याचं नाव ॲबीज वेबियाना. वनस्पतिशास्त्र आता त्यालाच ॲबीज स्पेक्टॅबिलिस म्हणतं. तालीसादि चूर्ण याच पानांच्या नावाचं. खोकल्यावर घराघरांत मधातून चाटवतात, लहान मुलांनाही.

पांढऱ्या टाइलवर पानं पसरून भिंग घेऊन बसले. फरचं पान चपटं, चिमटीत गरगर फिरत नाही. स्प्रूस या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सूचिपर्णी झाडाचं चौकोनी असतं, ते फिरतं. फरच्या पानाला वरून मधोमध पन्हळ, खालून दोन पांढुरके पट्टे, टोकाला बारीकशी खाच. सोबत काडी आली असेल तर फारच सोपं: फरचं पान गळलं की तिथे गोल, सपाट वण राहतो, स्प्रूसच्या काडीवर खुंट्या उरतात आणि ती बोटाला किसणीसारखी लागते. शंकूवर मात्र विसंबू नये. फरचा शंकू फांदीवर ताठ उभा असतो आणि पिकला की खवला खवला होऊन झाडावरच विस्कटतो. मनालीहून कोणी जमिनीवरचा अख्खा शंकू ‘फरचा’ म्हणून आणला, तर तो बहुधा दुसऱ्याच झाडाचा.

पश्चिम हिमालयात ॲबीज पिंड्रो हा दुसरा फरही आहे. त्याची पानं लांब, 6 सेंटीमीटरच्याही पुढे जातात आणि कोवळी डहाळी गुळगुळीत असते. स्पेक्टॅबिलिसची पानं आखूड, पट्टे जास्त पांढरे, डहाळीच्या खाचांत लव. आधी वाटलं, पिंड्रोच मिसळला असेल.

पण गप्प पानं आखूडच होती. टोकाला खाच नाही, उलट अणकुची. वरची मधली शीर उठलेली, खालचे पट्टे पिवळट हिरवे. एक पान बटाट्याच्या फोडीत खोचलं आणि नव्या ब्लेडने आडवे छेद घेतले. हे कॉलेजात घोटून घेतात आणि नोकरीत कोणी करत नाही, कारण रिपोर्टच्या छापील फॉर्मात त्याला रकानाच नाही. सेफ्रानिनने रंगवून मायक्रोस्कोपखाली धरलं. फरच्या छेदात राळेच्या दोन नळ्या दिसतात, दोन बाजूंना एकेक, स्वच्छ गोल. इथे एकही नव्हती.

थुनेर. टॅक्सस. हिमालयातलंच, पण वेगळं सूचिपर्णी झाड. याच्याच कुळातून कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल मिळतं, आणि याच्याच पानांत टॅक्सीन असतं, जे हृदयाचे ठोके बिघडवतं.

100 ग्रॅम नमुन्यात 11 ग्रॅम निघालं. खरेदी विभागाच्या साहेबांनी विचारलं, “टीएलसी पास आहे ना?” म्हणजे प्लेटवर रसायनांचे पट्टे उमटवून बघायची चाचणी. होतीच पास. बाकीचा फर होता, त्याचे पट्टे प्लेटवर उमटणारच. आपली यंत्रं अपेक्षित ते आहे का, एवढंच बघतात. नको ते आहे का, हे त्यांना कोणी विचारतच नाही. यावर मी दोनदा लिहून दिलं आहे.

माल पाठवणाऱ्या व्यापारी शेठना फोन केला. “ताई, हेही तालीसच. माझे वडीलही हेच विकायचे.” त्यांचं खोटं नाही. काही भागांत थुनेरची पानं याच नावाने विकली जातात. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, चष्मा पुसून टाइलवर वाकले आणि अर्ध्या तासात खाच ओळखायला शिकले. सहाही गोण्या परत नेल्या. आमच्यातल्या कितीजणांनी तेवढा वेळ दिला असता?

मला झोप लागत नाही ती मागच्या लॉटमुळे. तो भरडा म्हणून आला होता, स्वस्त पडतो म्हणून. पान अख्खं नाही, खाच बघायची कुठे? राखून ठेवलेली 50 ग्रॅमची बरणी काढली. थुनेरच्या पानाच्या खालच्या सालीवर बारीक उंचवट्यांच्या पेशी असतात, त्या भुकटीतही ओळखू येतात. आत्तापर्यंत बारा स्लाइड बघितल्या, काही सापडलं नाही. बारा स्लाइडवर मिळून चिमूटभरही भुकटी मावत नाही.

उद्या तेरावीपासून पुढे.