गुलाबी काड्या

मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला आलेला अननोन मी बरोबर ओळखला आणि मार्कही पडले. तरी तो जर्नलचा कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

अननोन म्हणजे नुसता नंबर लावलेला स्लँट, तिरक्या गोठवलेल्या अगारवर जिवाणू वाढवलेली नळी. आत कोणता जिवाणू आहे ते दोन दिवसांत शोधायचं. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो. खरं तर निम्मा वेळ काचसामान धुण्यात आणि ऑटोक्लेव्हचं प्रेशर उतरायची वाट बघण्यात जातो.

पहिल्या दिवशी ग्राम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून दोन गटांत पाडायचे: जांभळे राहिले तर ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी झाले तर निगेटिव्ह. यात माझा हात बरा आहे, हे मी सांगणारच. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर, इतका पातळ हवा की स्लाइडखाली ठेवलेली छापील अक्षरं वाचता यावीत. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, इथवर घड्याळ पुरतं. अल्कोहोलला घड्याळ चालत नाही. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं आणि ओघळणारा जांभळा रंग थांबला की लगेच पाणी. थोडा उशीर झाला तर ग्राम-पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडून देतात, मग सॅफ्रॅनिनने गुलाबी होऊन निगेटिव्ह असल्याचं सोंग आणतात.

मला गुलाबी काड्या दिसल्या. चुकून एखाद-दुसरी जांभळी. कित्येक काड्यांच्या पोटात रंगच न धरलेली कोरी जागा. पुन्हा केला, तेच. तिसऱ्या वेळी त्याच स्लाइडवर शेजारी ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकसचे स्मिअर घेतले. स्टॅफ जांभळा, कोलाय गुलाबी, माझा गुलाबीच. म्हणजे हात चुकला नव्हता. पेन्सिलीने ‘निगेटिव्ह’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीची प्लेट कोरी, आणि तिच्यावर तर सहसा ग्राम-निगेटिव्हच वाढतात. न्यूट्रिअंट अगारवर कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं तर वाढीभोवती स्वच्छ, रंगहीन वलय, म्हणजे तिथला स्टार्च पचवलेला. मॅलाकाइट ग्रीन पाच मिनिटं वाफेवर दिलं, आणि काल कोऱ्या दिसलेल्या जागा हिरव्यागार. स्पोअर, जिवाणूने आत धरलेलं टणक कवचाचं बीज! बॅसिलसशिवाय दुसरं काय असणार? आणि बॅसिलस तर ग्राम-पॉझिटिव्ह.

लॅबमधले मामा जाता जाता म्हणाले, “अगं, ते स्लँट मागल्या बॅचचेच आहेत, फ्रिजमधनं काढलेले.” तेव्हा उलगडलं. कल्चर जुनं झालं की बॅसिलसच्या पेशींची भिंत कच्ची पडते आणि रंग टिकत नाही. हे आम्ही थिअरीत पाठ केलेलं. ताजं कल्चर लावण्याचा आळस कुणाचा, ते मी लिहीत नाही.

न्यूट्रिअंट अगारवर रात्रभरची ताजी वाढ माझ्यापुढेच होती. तिचा स्मिअर घेऊन ग्राम पुन्हा करायचा, फार तर दहा मिनिटं. वेळ होता, रंगाच्या बाटल्या टेबलावर होत्या. मी खोडरबर उचललं, ‘पॉझिटिव्ह, जांभळ्या काड्या’ लिहिलं आणि खाली ‘बॅसिलस सबटिलिस’.

ताज्या वाढीवर जांभळ्याच दिसल्या असत्या बहुतेक. पण मी बघितल्या नाहीत. गंमत म्हणजे १८८४ साली ही पद्धत छापताना तिचा जनक ग्राम याने स्वतःच ती अजून सदोष आहे असं लिहून ठेवलं होतं. आमच्या निरीक्षण-तक्त्यात मात्र अधिक आणि उणे असे दोनच रकाने. ‘मिश्र’ लिहायचं कुठे?

माझ्या पार्टनरलाही तेच कल्चर होतं. तिने नावही बरोबर लिहिलं, पण ग्रामपुढे दिसलं तेच ठेवलं, गुलाबी. परीक्षकांनी लाल गोल केला, ‘विसंगत’ असा शेरा मारला आणि मार्क कापले. व्हायवात तिला विचारलंसुद्धा नाही की स्लाइड दाखव. मला तरी कुठे विचारलं!

बाहेर पडल्यावर तिने विचारलं, “तुला खरंच जांभळ्या दिसल्या?”

“मिश्र होत्या,” मी म्हणाले.

“मग तसं लिहिलं का नाहीस?” एवढं बोलून ती ॲप्रनवरचा सॅफ्रॅनिनचा डाग चोळत बसली.